बंद खिडक्या, धुकं आणि झोप: हिवाळ्याच्या सुट्टीत काय सांभाळायचं

थंडी पडली की माणूस आधी दारं-खिडक्या लावून घेतो. दाराखालच्या फटीत जुनं कापड कोंबतो, झरोक्यावर पुठ्ठा लावतो आणि मग आत काहीतरी पेटवतो किंवा तापवतो. त्यात सुट्टी असली की घरात माणसं जास्त, रात्री जागरण, आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गाडी काढायची घाई. या लेखातले सगळे अपघात एवढ्याच गोष्टींमधून घडतात.

यातले बरेचसे धोके दिसत नाहीत. वायूला वास नसतो, वायर कपाटामागे तापत असते, रस्त्यावरचा बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो, आणि झोप लागतेय हे ज्याला लागतेय त्यालाच कळत नाही. म्हणून ‘काळजी घ्या’ एवढं सांगून भागत नाही. धोका तयार कसा होतो ते समजलं, तर तो दिसला नाही तरी टाळता येतो.

शेगडी, निखारे आणि बिनवासाचा वायू

कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, पेट्रोल, डिझेल या सगळ्यांत कार्बन असतो. जळताना त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. धुराने जीव घुसमटला तर माणूस निदान उठून दार तरी उघडतो. हा वायू कसलीच सूचना देत नाही.

शेगडीबाबत एक समजूत फार जीवघेणी आहे: ‘धूर जाईपर्यंत बाहेर ठेवली, आता नुसते लाल निखारे आहेत, आत घ्यायला हरकत नाही.’ धूर गेला म्हणजे कोळशातली ओल आणि उडून जाणारे पदार्थ संपले, एवढंच. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो मुख्यतः या लाल निखाऱ्यांतच. खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. वर राख जमली, लाली दिसेनाशी झाली, तरी आत हे सुरूच असतं. त्यामुळे रात्री ‘आता विझतच आली आहे’ म्हणून खोलीत ठेवलेली शेगडी सर्वांत धोक्याची, कारण तेव्हा सगळे झोपलेले असतात.

शरीरात काय होतं? रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं, तरी तासाभरात रक्तातल्या बऱ्याच जागा तो अडवून बसतो. श्वास नीट चाललेला असतो, छाती वर-खाली होत असते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं. पुढे गोंधळ उडतो, माणूस बेशुद्ध होतो. झोपेत असलेल्याला यातलं काहीही जाणवत नाही.

ही लक्षणं साध्या सर्दी-तापासारखी वाटतात आणि तिथेच फसगत होते. ओळखायच्या खुणा अशा: ताप नाही, घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होतोय, पाळीव प्राणीही सुस्त आहेत, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर या वेळी विसंबू नका. नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. माणूस मरणाच्या दारात असताना तो ९८ दाखवू शकतो.

संशय आला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. जाता जाता हाताशी असेल ते दार किंवा खिडकी उघडा, पण वायू कुठून येतोय ते शोधत आत थांबू नका. बाहेर आल्यावर आपत्कालीन मदतीला फोन करा आणि ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असं स्पष्ट सांगा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा. मोकळ्या हवेत बरं वाटू लागलं तरी दवाखान्यात जावंच लागतं. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण तास-दीड तासात होतं. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर थांबूच नये, कारण बाळाच्या रक्तातून हा वायू आईच्या रक्तापेक्षा हळू निघतो.

‘खिडकी जराशी उघडी ठेवली तर?’ असं हमखास विचारलं जातं. कोळशाच्या शेगडीबाबत याचं उत्तर नाही असंच आहे. किती हवा पुरेल हे खोलीचा आकार, वाऱ्याची दिशा, कोळशाचं प्रमाण यांवर ठरतं आणि रात्रीतून ते बदलतं. धुरांडं नसलेली शेगडी घरात, तंबूत, गाडीत किंवा टपावर ताडपत्री टाकलेल्या वाहनात नेऊच नये. उबेला बसायचं तर उघड्यावर बसा आणि झोपायला जाण्याआधी पाण्याने पूर्ण विझवा.

गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर धोका तोच आहे, वेग मात्र जास्त. जागा लहान, दार लावलेलं, खिडकी थंडीमुळे बंद. गिझर त्याच हवेतला ऑक्सिजन वापरतो आणि काही मिनिटांत ज्वलन बिघडू लागतं. खरा उपाय म्हणजे गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणं किंवा जळलेला वायू थेट बाहेर नेणारी नळी जोडून घेणं. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी-नारिंगी दिसू लागली किंवा गिझरच्या तोंडाशी काजळी धरली, तर बर्नर साफ करून घेईपर्यंत वापरू नका. लाकडाची बंदिस्त चूल आणि धुरांडं असलेल्या घरांत थंडी सुरू होण्याआधी धुरांडं साफ करून घ्यावं. वर्षभरात त्यात काजळी साचते, पक्षी घरटं करतात, आणि मग वायू वर जाण्याऐवजी खोलीत परततो.

वीज गेल्यावर जनरेटर लावणार असाल तर तो घरापासून निदान ६ मीटर दूर, धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट बाजूला करून ठेवा. व्हरांडा, जिन्याखालची जागा, अर्धवट उघडं गॅरेज ही ‘बाहेर’ धरू नका. गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवू नका, शटर वर असलं तरीही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो आणि घरात काहीही जळत असेल तर तो घ्यावाच. हा वायू हवेइतकाच, किंचित हलका असतो. त्यामुळे तो छताशी साचेल की जमिनीशी, यात डोकं घालवण्यापेक्षा अलार्म झोपायच्या खोलीजवळ, झोपेत ऐकू येईल असा आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर लावा. अगदी चुलीवर किंवा उघड्या खिडकीशी नको. अलार्म वायूचा नुसता स्पर्श झाल्याने वाजत नाही, तो प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतो. एका प्रचलित मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल तर तो १ ते ४ तासांत वाजतो, १५० भागांना १० ते ५० मिनिटांत, ४०० भागांना ४ ते १५ मिनिटांत. म्हणजेच तो वाजला तर ‘उगाच वाजला असेल’ म्हणून बॅटरी काढून टाकू नये. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा. आतला सेन्सर साधारण ५ ते १० वर्षांत निकामी होतो, मुदत मागच्या बाजूला छापलेली असते.

विजेचा हीटर: एमसीबी का पडत नाही

विजेच्या हीटरमधून विषारी वायू निघत नाही, पण आग लागू शकते. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि तोही तासन्‌तास. बाजारातले हलके एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचे असतात. वायरमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडपट प्रवाह म्हणजे सव्वादोनपट उष्णता. ही वायर गालिच्याखालून नेलेली असेल किंवा गुंडाळी करून ठेवलेली असेल, तर ती उष्णता बाहेरही जाऊ शकत नाही.

‘तेवढं झालं तर एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडेलच की’ असं वाटतं. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या वायरिंगचं रक्षण करणारा एमसीबी ९ अँपिअरला पडणार नाही. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे. तुमची बारीक वायर वितळतेय हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून हीटर थेट भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावायचा, मध्ये बोर्ड नाही आणि मल्टीप्लगही नाही. अर्धा तास चालल्यावर हीटर बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, प्लगच्या पिना काळवंडल्या असतील किंवा जळका वास येत असेल, तर सॉकेटमधली पकड सैल झाली आहे. सॉकेट बदलून घ्या, तोवर तिथे हीटर लावू नका.

हीटरच्या चहूबाजूंना १ मीटर जागा मोकळी असावी. पडदा, गादी, वर्तमानपत्रं, ओले कपडे, काहीही या अंतराच्या आत नको. हीटरवर कपडे वाळवायला टाकणं म्हणजे आग लावून जाण्यासारखंच आहे. कलंडल्यावर आपोआप बंद होणारा हीटर घ्या आणि झोपताना किंवा खोलीतून बाहेर जाताना बंद करा.

पाणी तापवायच्या रॉडबद्दल थोडक्यात: आधी रॉड पाण्यात, मग प्लग, मग बटण. काढताना बटण बंद, प्लग बाहेर, आणि मगच पाण्याला हात. पाणी तापलं का ते चालू रॉडच्या बादलीत बोट बुडवून बघू नये. धातूची बादली वापरू नये. घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असेल तर गळणारा प्रवाह तो क्षणात तोडतो. मात्र त्याचं चाचणीचं बटण दर दोन-तीन महिन्यांनी दाबून तो खरंच पडतोय ना ते पाहावं लागतं. वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी आतून अडकून बसलेला असू शकतो.

भाजणं, उकळतं तेल आणि बटणाएवढा सेल

६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत गंभीर भाजते. ५० अंशांना त्यासाठी मिनिटं लागतात. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ, त्यांना आणखी कमी वेळ पुरतो. त्यामुळे बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि मुलांना आत घालण्याआधी कोपराने पाणी बघणं ही सवय ठेवावी. गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी भरू नका. दोन तृतीयांश भरा, उरलेली हवा दाबून काढा आणि मग झाकण लावा. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका जाणवत नाही, त्यांच्या पायाशी पिशवी ठेवू नये.

भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. अंगठ्या-बांगड्या सूज चढायच्या आत काढा. चिकटलेला कपडा मात्र ओढू नका.

सुट्टीत तळण जास्त होतं. कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. तेवढ्या जोराने जळतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण बाजूने सरकवत वर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. कढई उचलून मोरीकडे नेण्याचा विचारही करू नका.

घरात पाहुण्यांची मुलं येणार असतील तर एक गोष्ट आजच बघा: रिमोट, खेळणी, सजावटीचे छोटे दिवे यांतले नाण्यासारखे गोल सेल. मुलाने गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या कातडीतून प्रवाह वाहू लागतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका खोलवर जळते. सेल ‘संपलेला’ असला तरी तेवढी ताकद त्यात उरलेली असते. मुलाला ओकायला लावू नका, लगेच रुग्णालयात न्या, क्ष-किरण तपासणी करायला सांगा. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर भाजण्याचा वेग कमी करतो. पण घरात मध नसेल तर तो शोधत बसून निघायला उशीर करू नका.

निघण्याआधी गाडीकडे एक नजर

हवा गार झाली की टायरमधला दाब उतरतो, साधारण दर साडेपाच अंशांना १ पीएसआय. दुपारी ३० अंशांत भरलेली हवा पहाटे ८ अंशांत चार पीएसआय कमी भरते. टायर गार असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, दाब मोजा आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा पाळा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. स्टेपनीचाही दाब बघा. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही बहुतेक ठिकाणची कायदेशीर किमान मर्यादा, पण ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर हवी. तापमान ७ अंशांखाली राहत असेल तर साध्या टायरचं रबर कडक होतं आणि हिवाळी टायरचा खरा उपयोग तिथे सुरू होतो.

बॅटरीही थंडीत मंदावते. शून्य अंशाला तिची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्याने तिच्याकडे मागणी मात्र वाढलेली असते. तीन-चार वर्षं जुनी बॅटरी प्रवासाआधी तपासून घ्या. कूलंटमध्ये नुसतं पाणी भरलेलं असेल तर ते गोठून इंजिनाचा ठोकळा फुटू शकतो. निम्मं पाणी आणि निम्मं अँटिफ्रीझ असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास टिकतं.

आतून काच धुरकटली तर फडक्याने पुसत बसू नका. एसी चालू करा, तापमान गरम ठेवा, हवा काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतली ओल काढून घेतो, त्यासाठी हवा गार असण्याची गरज नाही. बाहेरून बर्फ जमला असेल तर खरवडून काढा. गरम पाणी ओतलं तर काच तडकते.

धुक्यात किती वेगाने जायचं, याचं गणित

‘हळू चालवा’ म्हणजे किती? याचं उत्तर दिसणाऱ्या अंतरात दडलेलं आहे. सावध चालकालाही धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटरने त्या वेळात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ३६ मीटर, ओल्यावर ६० हून अधिक, आणि बर्फावर २५० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, इथेच अंदाज चुकतो.

आता धुक्यात ५० मीटरपर्यंतच दिसतंय आणि रस्ता दवाने ओला आहे असं समजा. ताशी ५० ने गाडी पूर्ण थांबायला सुमारे ४५ मीटर घेते, म्हणजे अगदी काठावर. दुभाजक नसलेल्या अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही तेवढंच अंतर लागणार, तेव्हा तुमच्या वाट्याला २५ मीटरच येतात. मग वेग ताशी ३० च्या आत हवा. दृश्यता मोजायची सोपी रीत म्हणजे रस्त्याकडेचे खांब मोजणं: एकामागे एक किती खांब स्पष्ट दिसतात ते पाहा. वेग मात्र काट्यावरच पाहा. धुक्यात बाजूची झाडं, घरं दिसत नसल्याने आपण किती जोरात चाललोय याचा अंदाज डोळ्यांना लागत नाही.

हाय बीम लावला की धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम आणि फॉग लॅम्प लावा. दिवे ‘ऑटो’वर सोडू नका. तो सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. दिवसा धुक्यात त्याला पुरेसा उजेड वाटतो, तो फक्त पुढचे छोटे दिवे चालू ठेवतो आणि मागचे दिवे बंदच राहतात. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवण्याची सवयही वाईट. वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांना धरून अगदी मागोमाग जाऊ नका. तिने खांब ओलांडल्यापासून तुम्ही तो ओलांडेपर्यंत निदान चार सेकंद जायला हवेत. काहीच दिसेनासं झालं तर रस्त्याच्या कडेला नाही, रस्ता पूर्ण सोडून पेट्रोल पंप, ढाबा, वाहनतळ अशा जागी थांबा.

बर्फ पडणाऱ्या भागात गाडीवरचं तापमान ३-४ अंश दाखवू लागलं की सावध व्हा. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. रस्ता ओला दिसतोय पण टायरचा आवाज एकदम बंद झाला, तर बहुधा खाली बर्फ आहे. अशा वेळी जोरात ब्रेक नको, झटक्याने स्टिअरिंग नको. पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद काढा. गाडी घसरलीच तर जिकडे जायचंय तिकडे नजर ठेवा आणि तिकडेच हळुवार स्टिअरिंग वळवा. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावरही चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत थांबायचंच असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली थरथर जाणवेल, तो बिघाड नाही, पाय काढू नका.

दुचाकीवर थंडी वाऱ्याने वाढते. हवा १० अंश असली तरी ताशी ५० च्या वेगात उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी लागते. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो. वारा अडवणारे हातमोजे आणि सगळ्यांत बाहेर वारा अडवणारा थर, आत कितीही लोकर असली तरी, हवाच.

झोप आणि रात्रीची दारू

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चालवण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते. सकाळी सहाला उठून दिवसभर तयारी केली आणि रात्री अकराला निघालात, की तुम्ही त्या टप्प्यावर आहात. शरीराचं घड्याळ पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेकडे ओढतं, तेव्हा शक्यतो चालवू नका.

ताशी १०० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर कोणी चालवतच नाहीये. वारंवार जांभया, मागचे दोन-तीन किलोमीटर न आठवणं, लेनच्या रेषेवर चाक जाणं या खुणा दिसल्या की खिडकी उघडून, गाणी मोठ्याने लावून उपयोग नाही. सुरक्षित जागी थांबा, एक कप कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जागं होताना दोन्हींचा फायदा मिळतो. पण यातून मिळते ती तासा-दोन तासांची सवलत. रात्रीची झोप त्याने भरून निघत नाही.

यकृत ताशी ०.०१५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क निकाली काढतं, आणि गार पाण्याच्या आंघोळीने किंवा कॉफीने तो वेग वाढत नाही. मध्यरात्री ०.१२ टक्के असेल तर पहाटे पाचला अजून ०.०४५ टक्के शिल्लक असतं. ‘झोप झाली, आता ठीक आहे’ असं वाटणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं आणि स्टिअरिंग न प्यायलेल्याच्या हाती द्यावं. थंडी घालवायला घेतलेली दारू उलट काम करते. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण शरीराची आतली उष्णता बाहेर निघून जाते.

मागच्या सीटवरही पट्टा लावा. लहान मुलांच्या खुर्चीबाबत हिवाळ्यातली खास चूक म्हणजे जाड जॅकेटवरून पट्टे आवळणं. धडकेत जॅकेट चपटं होतं आणि पट्टा सैल पडतो. खात्री करायची तर जॅकेटसकट पट्टे आवळा, मुलाला उतरवा, पट्टे न हलवता जॅकेट काढून पुन्हा बसवा. आता दिसेल तेवढी सैल जागा धडकेच्या वेळी पट्ट्यात राहिली असती. जॅकेट काढून पट्टे लावा आणि वरून पांघरूण घाला. सामानही बांधा. ताशी ५० च्या धडकेत १० किलोची मोकळी बॅग दीडशे किलोच्या आसपासच्या धक्क्याने पुढे येते.

गाडी बंद पडली तर

वेगवान रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांनी रहदारीच्या उलट बाजूच्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जा. गाडीत, गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहू नका. साध्या रस्त्यावर त्रिकोण ४५-५० मीटर मागे ठेवा. जोरात रहदारी असेल, धुकं असेल, तर तो ठेवायला मागे चालत जाण्यापेक्षा आधी स्वतः सुरक्षित व्हा आणि फोन करा.

बर्फात अडकलात तर उलट, गाडी सोडू नका. चालत निघालेला माणूस दिशाही हरवतो आणि उष्णताही. पांघरुणं, पाणी, टॉर्च, फोनचा चार्जर आणि लहान फावडं गाडीत असावं. इंजिन सतत चालवू नका, तासाला १० मिनिटं पुरेत. आणि प्रत्येक वेळी किल्ली फिरवण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा. ते बुजलेलं असेल तर इंजिनाचा धूर गाडीखालून आत येतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड घरातल्या शेगडीपेक्षाही लवकर भरतो. वारा ज्या दिशेला वाहून जातोय त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि इंजिन चालू असताना गाडीतल्या निदान एकाने जागं राहा.